आभाराचे पत्र आणि व्हॅनिलाचा चहा

मागच्या फेब्रुवारीत वादळाच्या इशाऱ्यामुळे शाळा-कचेऱ्या बंद होत्या. घरात अडकलेल्या माणसांना विषय लागतो. माझ्या धाकट्या भावाच्या घरी त्या दिवशी तो एका पत्राच्या रूपाने मिळाला. माझी पुतणी अमेरिकेतील एका कॉलेजात गायनाच्या अभ्यासक्रमासाठी ऑडिशन देऊन नुकतीच परतली होती. तेथे भेटलेल्या एका मुलीने तिला सांगितले होते की, ऑडिशननंतर परीक्षकांना आभाराचे पत्र पाठविण्याची तिकडे रीत आहे.

झाले! भावाने लगेच इंग्रजीत दीड पानांचा मसुदा केला. आरंभ ‘रिस्पेक्टेड सर्स अँड मॅडम्स’ असा. मग आमचे पणजोबा कोकणातून या बेटावर ऊस तोडायला कसे आले, घरात भजनाची परंपरा कशी आहे, मुलीने किती बक्षिसे मिळविली, आणि शेवटी ‘कृपया अनुकूल विचार व्हावा’. आमच्या आईचे मत निराळे. नुसते कोरडे पत्र कसे पाठवायचे? सोबत व्हॅनिलाचा चहा आणि क्युरपिपचे एक लाकडी जहाज जायला हवे, असा तिचा आग्रह. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “काका, मला खरं तर त्या पियानो वाजवणाऱ्या बाईंनाच लिहायचंय. माझी लय चुकली तेव्हा त्यांनी मला सांभाळून घेतलं. पण त्यांचं इथे कोणी नावच काढत नाही.”

तिचे हे म्हणणे मला अजून पुरते पटते, आणि म्हणूनच हा लेख लिहितो आहे. आपली मुले संगीत-नृत्य शिकायला बहुधा मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जातात, नाही तर शिष्यवृत्तीवर भारतात. अमेरिकेकडे वळणारी थोडीच. पण जी वळतात, त्यांच्या घरी हा प्रश्न आज ना उद्या येणार आहे.

आभार मानण्याच्या बाबतीत आपण बेटावरचे मराठी लोक थोडे गोंधळलेलेच आहोत. बसमधून उतरताना आपण कंडक्टरला सहज ‘मेर्सी’ म्हणतो. पण मावशीने जेवायला वाढले म्हणून तिला ‘धन्यवाद’ म्हटले, तर ती म्हणेल, मी काय परकी आहे? मराठीत आपल्या माणसाचे आभार मानायचे नसतात, त्याच्या पाया पडायचे असते. आभार राहतात ते कार्यक्रमाच्या शेवटी, श्रोते चपला शोधत असताना. पत्राचेही तसेच. जुन्या मराठी पत्रात वर ‘श्री’, मग ‘तीर्थरूप’, मग ‘सा. न. वि. वि.’ आणि त्यानंतर मजकूर. फ्रेंच कचेरीला पत्र लिहायचे तर अखेरच्या नमस्कारालाच एक लांबलचक वाक्य लागते. इंग्रजी पत्र शाळेतच शिकलो, तेही अर्ज करण्यासाठी. या तिन्ही वळणांचा मुलगा अमेरिकेला पत्र लिहायला बसला की नम्रतेचा डोंगर होतो आणि त्याखाली आभार सापडत नाहीत.

अमेरिकेची रीत अगदी साधी आहे. एमिली पोस्ट नावाच्या बाईंनी १९२२ साली शिष्टाचारावर एक जाडजूड पुस्तक लिहिले, ते तिकडे घराघरांत पोचले. त्याच्या आधीपासूनच भेट मिळाली, कोणाकडे मुक्काम केला, की दोन ओळींची चिठ्ठी लिहायची हा तिथला संस्कार आहे. वाढदिवसाच्या भेटींबद्दल लहान मुलांना टेबलाशी बसवून आजी-आजोबांना चिठ्ठ्या लिहायला लावतात. नोकरीच्या मुलाखतीनंतर असे पत्र पाठवणे ही तिकडे जवळजवळ ठरून गेलेली गोष्ट आहे. तिथूनच ती चाल ऑडिशनला आली. तेव्हा पत्र लिहिण्यात लांगूलचालन आहे असे समजू नये. मात्र न लिहिल्याने मुलाचे नुकसान होईल हीही भीती बाळगू नये.

कारण ऑडिशनचे चक्र कसे फिरते ते पाहा. बहुतेक मोठ्या संगीत विद्यालयांत डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत रेकॉर्डिंग पाठवावे लागते. त्यातून निवडलेल्यांना जानेवारी ते मार्चच्या दरम्यान प्रत्यक्ष बोलावतात. नाट्य विभागांपैकी बरेच जण न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशा शहरांत एकाच काळात ऑडिशन ठेवतात, म्हणजे मुलांची धावपळ वाचते. न्यूयॉर्कच्या जुलियार्डला किंवा फिलाडेल्फियाच्या कर्टिसला अर्ज करणाऱ्या शंभरांतल्या दहा जणांनाही जागा मिळत नाही. कर्टिसमध्ये तर १९२८ पासून कोणाकडूनच शिक्षणाची फी घेत नाहीत, मग गर्दी का होणार नाही? परीक्षक दिवसभर एकामागून एक मुले ऐकतात. गुण आणि शेरे बहुधा तिथल्या तिथे लिहिले जातात. मुलगा विमानात बसण्यापूर्वीच त्याचा कागद भरलेला असतो. मार्चअखेर किंवा एप्रिलच्या आरंभी निकाल कळतो. मधल्या काळात गेलेले गोड पत्र त्या कागदावरचा आकडा बदलत नाही. बदलू लागले, तर त्या शाळेत मुलाला घालण्यापूर्वी आपणच विचार केलेला बरा.

मग भेटवस्तू? इथे आपल्या मनाला खरी अडचण वाटते, आणि तिला कारण आहे. आपल्या परंपरेत गुरूकडे रिकाम्या हाताने जात नाहीत. गंडा बांधताना नारळ, गूळ-चणे, वस्त्र, यथाशक्ती दक्षिणा हे सर्व येते. भीमसेन जोशी १९३३ साली गुरूच्या शोधात कोवळ्या वयात घर सोडून निघाले आणि पुढे कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी राहून शिकले. तिथे घरकाम हीही गुरुसेवाच होती. पण हे सारे गुरूने पदरात घेतल्यानंतरचे. ऑडिशनचा परीक्षक अजून गुरू झालेला नाही. तो आज पन्नास मुलांना सारख्याच मापाने मोजायला बसलेला आहे. चाचणी आणि शिष्यत्व यांतला हा फरक आपल्याकडेही सहज पचला नव्हता. डॉ. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ या काळात भारताचे माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या वेळी आकाशवाणीने गायक-वादकांची चाचणी घेऊन श्रेणी ठरवायला सुरुवात केली, तेव्हा अनेक नामवंतांना तो आपला अपमान वाटला होता.

अमेरिकेत तर परीक्षक पक्षपाती होऊ नये याची काळजी फार दूरवर नेलेली आहे. १९७० नंतर तिथल्या मोठ्या वाद्यवृंदांनी उमेदवाराला पडद्यामागे बसवून ऐकण्याची पद्धत सर्रास स्वीकारली. बुटांच्या टाचांच्या आवाजावरून स्त्री की पुरुष हे कळू नये म्हणून काही ठिकाणी जमिनीवर गालिचाही अंथरतात. कॉलेजच्या ऑडिशनला पडदा नसतो, मुलाशी दोन शब्द बोलतातही. पण मार्च २०१९ मध्ये बॉस्टनच्या सरकारी वकिलांनी कॉलेज-प्रवेशाच्या लाचखोरीचे प्रकरण उघड केले आणि पन्नास जणांवर आरोप ठेवले. त्यांत श्रीमंत पालक होते, खेळांचे प्रशिक्षक होते, सिनेमातल्या दोन प्रसिद्ध अभिनेत्रीही होत्या, आणि त्या दोघींना तुरुंगात जावे लागले. ती लाच लाखो डॉलरांची होती, आपला चहा दोन-तीनशे रुपयांचा, हे खरे. तरीही निकालापूर्वी परीक्षकाच्या टेबलावर उमेदवाराच्या घरचे पार्सल आले म्हणजे तो भला माणूस अवघडणारच. घ्यावे तर नियम मोडतो, परत करावे तर आजीचे मन मोडते. त्याला या पेचात टाकणे याला आभार कसे म्हणावे?

आता पत्राविषयी. ते मुलाने स्वतः लिहावे, हे पहिले. बापाचे इंग्रजी कितीही चांगले असो, त्याने हात लावू नये. सतरा वर्षांच्या मुलीच्या सहीखाली पंचावन्न वर्षांच्या माणसाचे वाक्य लपत नाही. दोन-तीन दिवसांत ई-मेलने पाठवावे, चार-पाच वाक्ये पुरे. कॉलेजने आधीच कळवले असेल की परीक्षकांना परस्पर लिहू नका, तर लिहू नये. नाही तर प्रवेश-कचेरीत ज्या बाई वा गृहस्थ आपल्याशी पत्रव्यवहार करत होते त्यांनाच लिहून, परीक्षकांना कळवावे अशी विनंती करावी. पाच परीक्षकांना तेच पत्र पाच वेळा पाठवणे बरे दिसत नाही. ते एकाच खोलीत चहा पितात. मायना ‘डिअर प्रोफेसर’ आणि आडनाव, इतकाच. ‘रिस्पेक्टेड सर’ तिकडे कोणी लिहीत नाही.

आणि मजकूर? जे खरोखर घडले ते. एका परीक्षकांनी दुसरे गाणे पुन्हा, जरा सावकाश म्हणायला लावले आणि त्यातून श्वासाची जागा कळली, असे काही झाले असेल तर तेच लिहावे. तसे काही झाले नसेल तर ‘आपण वेळ दिलात, आभारी आहे’ एवढ्यावर थांबावे. निकाल केव्हा, माझे कसे झाले, हे नवे रेकॉर्डिंगही ऐका, त्या दिवशी घसा बसला होता, यांपैकी काहीही आत शिरले की ते पत्र राहत नाही, अर्ज होतो. माझ्या भावाच्या मसुद्यात दीड पानांत आभाराचे वाक्य एकच होते. मी मोजले. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

पण मला अधिक वाटते ते पुतणीच्या पियानोवाल्या बाईंविषयी. गायनाच्या ऑडिशनला पुष्कळ ठिकाणी कॉलेजच साथीला पियानोवादक देते. मुलाची आणि त्यांची ओळख आत जाण्यापूर्वीच्या दोन मिनिटांची. तेवढ्यात स्वरलिपीचा कागद द्यायचा, लय सांगायची, कुठे थांबणार ते दाखवायचे. मग घाबरलेले मूल एक ओळ गाळून पुढे उडी मारते, आणि तो माणूस कागदावरची बोटे तशीच उचलून त्याच्या मागे जातो. ऐकणाऱ्याला कळतही नाही. आपल्या मैफलीत निवेदक तबला, संवादिनी, तानपुरा, सर्वांची नावे घेतल्याशिवाय सुरुवात करत नाही. गणपतीच्या रात्री झाकरी झाली की मृदंगवाल्याला पहिला चहा देणारे आपण लोक. तिकडे गेल्यावर तेवढे विसरायचे का?

त्यांच्यानंतर शिफारसपत्र लिहिणारे शिक्षक. शाळेची कामे सांभाळून रात्री बसून लिहितात. मुलांना त्यांची आठवण निकालाच्या दिवशीही होत नाही. ज्या ओळखीच्यांनी न्यूयॉर्कच्या थंडीत विमानतळावरून घरी नेले, चार दिवस जेवू घातले आणि पहाटे रियाज सहन केला, ते तर राहूनच जातात. या सर्वांच्या हातात कसलाही निकाल नाही, म्हणून आपल्याला त्यांची घाई वाटत नाही. मी तरी मुलांना सांगेन, आधी ही तीन पत्रे लिहा, मग परीक्षकांचे.

आणखी एक पत्र आहे, ते मात्र कोणी चुकवू नये. अमेरिकेत प्रवेश मिळालेल्या मुलाने आपला निर्णय बहुधा १ मेपर्यंत कळवायचा असतो. दोन-तीन ठिकाणी जागा मिळाल्या तर एक घ्यायची आणि बाकीच्यांना ‘मी येत नाही, आभारी आहे’ असे ताबडतोब लिहायचे. पुष्कळ घरांत हे राहून जाते. कधी आनंदाच्या भरात, कधी ‘असू दे हातात’ म्हणून. पण तिथे प्रतीक्षा-यादीवर कोणाचे तरी मूल रोज सकाळी उठून ई-मेल उघडत असते. आपण दोन ओळी लिहिल्या तर त्याची जागा मोकळी होते, शिष्यवृत्तीचे पैसेही दुसऱ्याला मिळू शकतात.

आमच्या घरची गोष्ट सांगून थांबतो. पुतणीने बाईंना पत्र लिहिले, पाच ओळींचे. परीक्षकांसाठी कचेरीला तीन ओळी. एप्रिलमध्ये नकार आला. ती दोन दिवस खोलीतून बाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी तिने त्या कॉलेजला, ऐकून घेतल्याबद्दल, आणखी एक छोटे पत्र पाठवले. ते तिला कोणी सुचवलेले नव्हते. पियानोवाल्या बाईंचे उत्तर मात्र आधीच आले होते. गाळलेली ओळ कोणती होती ते त्यांच्या लक्षात होते. ती जागा नेहमीच अवघड जाते, असे त्यांनी लिहिले होते, आणि ती बसवण्याची एक युक्तीही.

आईने आम्हा कोणाला न विचारता चहा आणि जहाज पोस्टाने पाठवले होते. मे महिन्यात ते पार्सल परत आले, आत कॉलेजची अतिशय सभ्य चिठ्ठी, की अर्जदारांकडून भेटी स्वीकारता येत नाहीत. जहाजाचे एक शीड मोडले होते. चहा आम्ही सर्वांनी मिळून प्यालो.