पितळेचं नळकांडं आणि तीन रुपयांची अक्कल

इंजिनियर लोकांचं एक लाडकं वाक्य असतं: जेवढे पार्ट कमी, तेवढं बिघडायला कमी. कॉलेजातल्या मशीन डिझाइनच्या सरांपासून कंपनीतल्या आर्किटेक्टपर्यंत सगळे ते म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. मँचेस्टरला दोन वर्षं ऑनसाइट असताना हेच वाक्य मी व्हेप ओढणाऱ्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की या वीकेंडला म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. कारण तिथे ते साफ चुकीच्या जागी वापरलं जातं.

आधी एक खुलासा. भारतात सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम आणि डिसेंबरमध्ये कायदा करून ई-सिगरेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात या सगळ्यावर बंदी आली. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या वाचकांनी याला खरेदीची शिफारस समजू नये. जे सिगरेट ओढतच नाहीत त्यांनी तर याच्या वाटेलाही जाऊ नये. निकोटीनचं व्यसन ते व्यसनच. पण ब्रिटन-अमेरिकेत हे दुकानात मिळतं आणि आपली बरीच मराठी पोरं सिगरेट सोडायला म्हणून ते हातात घेतात. माझा तिथला रूममेट त्यातलाच. मूळचा कोल्हापूरचा, दिवसाला पंधरा सिगरेटी. त्या सुटल्या, पण त्यांच्या जागी एक पितळेचं नळकांडं आलं, आणि त्यावरून आमचे रात्री-रात्री वाद.

हे नळकांडं म्हणजे मेकॅनिकल मॉड, लाडाने 'मेक'. आतली रचना आजोबांच्या टॉर्चसारखी: एक सेल, एक बटण, आणि बल्बच्या जागी तारेचं वेटोळं, म्हणजे कॉइल. कॉइलमध्ये कापूस, कापसात द्रव. बटण दाबलं की तार तापते, वाफ होते. सर्किट बोर्ड नाही, चिप नाही, काही नाही. दुसरा प्रकार रेग्युलेटेड मॉड: सेल आणि कॉइलच्या मधे एक बोर्ड बसलेला, त्यावर स्क्रीन, आणि किती वॅट हवेत ते तुम्ही ठरवायचं.

आता टॉर्चच्या बल्बला अर्धा अँपिअर पुरतो. इथे गणित वेगळं आहे. सेल असतो १८६५० नावाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब. जुन्या जाडजूड लॅपटॉपच्या बॅटरीत हेच असायचे. पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट. कॉइल ०.५ ओहमची असेल तर ओहमच्या नियमाने ८.४ अँपिअर, साधारण ३५ वॅट. ठीक आहे. पण ढगभर वाफ हवी म्हणून हौशी मंडळी स्वतः कॉइल वळतात आणि ०.१ ओहमपर्यंत जातात. म्हणजे ४२ अँपिअर, १७६ वॅट! (कागदावर. प्रत्यक्षात लोडखाली व्होल्टेज थोडं पडतं.) चांगल्या कंपनीचा, जास्त करंट द्यायला बनवलेला सेलही सतत २० ते ३० अँपिअरच देऊ शकतो. मग बटण दाबल्यावर 'अरे थांब' असं कोण म्हणणार? कोणीच नाही. तसं म्हणणारा पार्टच 'बिघडायला कमी' म्हणून काढून टाकलाय.

याहून वाईट प्रकार हायब्रिड मेकचा. त्यात वरच्या टाकीची मधली पिन थेट सेलच्या पॉझिटिव्ह टोकाला टेकते. ही पिन पुरेशी बाहेर आलेली नसेल, तर सेलचं टोक टाकीच्या बाहेरच्या कड्याला टेकतं, आणि ते कडं निगेटिव्हला जोडलेलं असतं. झाला शॉर्ट, तोही लिथियम सेलचा, बंद धातूच्या नळीत. वर गॅस बाहेर पडायला भोकं लहान असतील तर त्या वस्तूला नळी न म्हणता बंदुकीची नळी म्हणावं लागेल. आणि १८६५०ची गंमत अशी, की अख्खं पत्र्याचं अंग निगेटिव्ह असतं, अगदी वरच्या काठापर्यंत. त्याच्या आणि पॉझिटिव्ह टोकाच्या मधे असतं ते फक्त एक वॉशर आणि कागदासारखं पातळ प्लास्टिकचं वेष्टण. ते नखाएवढं फाटलं तरी पुरतं.

हे उगाच घाबरवणं नाही. अमेरिकेच्या फायर अॅडमिनिस्ट्रेशनने २००९ ते २०१६ या काळातल्या बातम्यांमधून ई-सिगरेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना मोजल्या; १३३ जण जखमी, त्यातले ३८ गंभीर. मे २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला ३८ वर्षांचा एक माणूस याच चिप नसलेल्या जातीच्या उपकरणाने गेला. कोट्यवधी वापरणाऱ्यांत हे आकडे लहान आहेत, मान्य. पण ती वस्तू माणूस तोंडाला लावतो.

रूममेटचं म्हणणं, "अरे, मला ओहमचा नियम येतो. मी मीटरने मोजूनच कॉइल लावतो." येतो, खरंच येतो. तो मेकॅनिकलवाला आहे आणि माझ्यापेक्षा हाताने चांगला. पण रात्री अडीचला रिलीज संपवून आल्यावर येतो का? माझा मुद्दा एवढाच आहे. मेक मॉडमध्ये सुरक्षेचं सर्किट नाहीसं झालेलं नसतं, ते तुमच्या डोक्यात हलवलेलं असतं. पार्ट कमी झालेच नाहीत, सगळ्यात बेभरवशाचा पार्ट तेवढा वाढला. सी लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको: पॉइंटरमध्ये काहीच वाईट नसतं, वाईट तो वापरणारा शुक्रवार संध्याकाळचा प्रोग्रामर असतो :-)

'इलेक्ट्रॉनिक म्हणजे चांगलं' असंही मी म्हणत नाहीये. आपल्या घरातला प्रेशर कुकर बघा. चिप एकही नाही, पण शिट्टी अडकली तर सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो आणि स्वयंपाकघर वाचतं. दुसरी संरक्षणाची फळी आहे की नाही, हा प्रश्न. उलट उदाहरण जुन्या चाळीतल्या किटकॅट फ्यूजचं. फ्यूज सारखा उडतो म्हणून कुणीतरी काका तांब्याची जाड तार गुंडाळायचे. मग दिवे कधीच जायचे नाहीत, आणि सगळे म्हणायचे काकांनी काय मस्त काम केलंय. मेक मॉड म्हणजे मला तरी काकांची ती तार वाटते.

बोर्ड काय करतो? आधी कॉइलचा रेझिस्टन्स मोजतो. शॉर्ट वाटला तर बटण दाबूनही काही होत नाही. सेल फार उतरला की बंद. सेल उलटा घातला तरी बरेचसे बोर्ड वाचवतात. पण मला खरी भुरळ पडली ती टेंपरेचर कंट्रोलची. २०१४ मध्ये इव्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीच्या डीएनए ४० बोर्डमध्ये हे आलं. शुद्ध निकेलची तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो; २० अंशांना ०.१ ओहम असेल तर २२० अंशांच्या आसपास दुपटीहून जास्त. म्हणजे वेगळा सेन्सर नकोच, तापणारी तारच थर्मामीटर! कापूस कोरडा पडला की तापमान झपकन चढतं, बोर्डला ते कळतं आणि तो वॅट उतरवतो. मेकमध्ये हे तुम्हाला कळतं ते जळक्या कापसाच्या चवीवरून.

रेग्युलेटेडचा एक तोटा मात्र विक्रेते सांगत नाहीत. मेकमध्ये सेल उतरला की वाफ आपोआप कमी होते, ४.२ वरून ३.४ व्होल्टला आलं की पॉवर तिसऱ्या हिश्श्याने घटते. बोर्ड मात्र तुम्हाला ८० वॅट म्हणजे ८० वॅटच देतो, त्यामुळे सेल उतरेल तसा करंट वाढतो: भरलेल्या सेलमधून १९ अँपिअर, ३.२ व्होल्टला २५, आणि बोर्ड स्वतः खातो ते वेगळंच. एका सेलवर ८० वॅट लावून 'माझ्याकडे चिप आहे' म्हणून निवांत बसणंही बरोबर नाही. शिवाय बोर्डवरचा मॉसफेट जळतो तेव्हा बहुतेकदा शॉर्ट होऊनच जळतो, म्हणजे बटण न दाबता कॉइल चालू. भुक्कड क्लोन बोर्ड घेतला तर हे बघायला मिळू शकतं. तरीही माझा कौल रेग्युलेटेडलाच, फक्त नाव असलेल्या कंपनीच्या आणि शक्यतो दोन सेलच्या.

मेक दिसायला देखणा असतो, दुरुस्त करता येतो, दहा वर्षं टिकतो, हे सगळं कबूल. ग्रीस आणि फिलिपिन्सच्या छोट्या वर्कशॉपांतून निघालेले काही तर शोकेसमध्ये ठेवावेत असे आहेत. ठेवावेत की, शोकेसमध्ये.

रूममेटने अजून मेक सोडलेला नाही. पण दर महिन्याला सेलची वेष्टणं बघतो, फाटलेलं दिसलं की नवं चढवतो, आणि सुटे सेल आता किल्ल्यांबरोबर खिशात टाकत नाही. त्या १९५ घटनांतल्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात उपकरण किंवा सुटी बॅटरी खिशातच होती, आणि खिशातल्या चिल्लरीला तुमचा मॉड कुठल्या जातीचा हे कळत नाही. सेल ठेवायची प्लास्टिकची डबी तिथे दोन-तीन पौंडांना मिळते. ती मीच आणून दिली.