हुकूम कुणाचा होता?

डिसेंबर १९७७. अर्जेंटिनात, ब्युनोस आयर्सच्या सांता क्रूझ चर्चमध्ये काही आया वर्गणी गोळा करत होत्या. लष्करी राजवटीने उचलून नेलेल्या लेकरांची नावं त्यांना वर्तमानपत्रात जाहिरात देऊन छापायची होती. गुस्ताव्हो नावाचा एक सोनेरी केसांचा तरुण त्यांच्यात येऊन बसायचा. माझाही भाऊ बेपत्ता आहे, असं सांगायचा. आयांना त्याचीच काळजी वाटे, यालाही धरून नेतील म्हणून.

तो आल्फ्रेदो आस्तिस होता, नौदलाचा २६ वर्षांचा अधिकारी. ८ ते १० डिसेंबरमध्ये १२ जणांना उचललं गेलं. त्यांत आयांना एकत्र आणणाऱ्या असुसेना व्हिलाफ्लोर होत्या, दोन फ्रेंच नन होत्या आणि एस्थर बायेस्त्रिनो होत्या. एस्थरबाईंची लेक तर तोवर सुटून आली होती. पण इतरांची पोरं आतच होती, म्हणून त्या येत राहिल्या. 'एस्मा' या नौदलाच्या शाळेतल्या छळछावणीत या सगळ्यांचे हाल झाले, मग विमानातून त्यांना समुद्रात फेकण्यात आलं.

१९८७ साली, लोकशाही आल्यावर, कायदा झाला: हाताखालच्या अधिकाऱ्यांनी वरचा हुकूम पाळला, त्यांच्यावर खटला नाही. आस्तिस मोकळा राहिला. याची मला आजही चीड येते. पाळत ठेवायचा हुकूम सुटला असेलही. पण आईच्या शेजारी बसून नसलेल्या भावासाठी हळहळायचं, तिची माया घ्यायची आणि तिलाच पकडून द्यायचं, हे ज्याचं त्यालाच करावं लागतं.

समुद्राने मात्र काही मृतदेह किनाऱ्याला लावले होते. जनरल लाव्हाये गावच्या दफनभूमीत ते बेवारस म्हणून पुरले गेले. २००५ मध्ये तज्ज्ञांनी त्यांची ओळख पटवली. उंचावरून पडल्यावर मोडतात तशी हाडं मोडलेली होती. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला आणि ऑक्टोबर २०११ मध्ये आस्तिसला जन्मठेप झाली.

जुलै २०२४ मध्ये सत्ताधारी पक्षाचे काही खासदार त्याला तुरुंगात भेटून आले. या म्हाताऱ्या कैद्यांना आता घरी पाठवा, असा सूर तिथे लागतो आहे. माझं म्हणणं सरळ आहे: आधी त्यांनी तोंड उघडावं. कुणाला कुठे टाकलं ते सांगावं. हजारो घरं अजून एका हाडाची वाट पाहत आहेत.

एस्थरबाईंना सांता क्रूझ चर्चच्याच आवारात पुरलं आहे.