कायद्याच्या नजरेबाहेरची बॅटरी

लाल किल्ल्यासमोरच्या लजपतराय मार्केटमध्ये रेडिओच्या काळापासून सुट्या भागांचा व्यापार चालत आला आहे. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले. तेही मागे पडले. आता त्या बोळांतून बोटभर लांबीचे लिथियम सेल, निकेलच्या पट्ट्यांची भेंडोळी आणि बॅटरीवर पहारा ठेवणारी 'बीएमएस' नावाची सर्किटे विकली जातात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा बंगळुरूचा एस. पी. रोड येथे वेगळे चित्र नाही. गिऱ्हाईकही ठरलेले : साध्या सायकलच्या चाकात मोटर बसवू पाहणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी, शिशाच्या जड बॅटऱ्या दर वर्षा-दीड वर्षाने बदलून मेटाकुटीला आलेला ई-रिक्षावाला, निवृत्तीनंतर घराच्या गच्चीवर सोल्डरिंगची इस्त्री घेऊन बसणारा एखादा जुना तंत्रज्ञ. या सर्वांचे मिळून देशात एक मोठे, विखुरलेले आणि बिननावाचे बॅटरी-उत्पादन चालू आहे. मात्र शास्त्री भवनापासून उद्योग भवनापर्यंतच्या कोणत्याही फायलीत त्याला स्थान नाही.

दिल्लीला बॅटरी म्हटली की कारखाना दिसतो. मे २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रगत सेलच्या निर्मितीसाठी १८,१०० कोटी रुपयांची उत्पादन-संलग्न प्रोत्साहन योजना मंजूर केली आणि ५० गिगावॉट-तासांच्या क्षमतेचे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट योग्यच होते. तरीही देशात वापरले जाणारे बहुतांश लिथियम सेल आजही बाहेरून येतात आणि त्यांत चीनचा वाटा मोठा आहे. वस्तू व सेवा कराचीही तीच तऱ्हा. वाहनासह आलेल्या बॅटरीवर ५ टक्के, सुट्या बॅटरीवर १८ टक्के. ऑगस्ट २०२० मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने बॅटरीविना विजेची वाहने विकण्यास आणि नोंदवण्यास मुभा दिली, तेव्हा वाहन आणि बॅटरी या दोन स्वतंत्र वस्तू आहेत हे सरकारने मान्यच केले होते. करआकारणीपर्यंत ती मान्यता अद्याप पोहोचलेली नाही.

मग २०२२ साल उजाडले. मार्चमध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटली. त्याच महिन्यात तमिळनाडूतील वेल्लोर येथे घरात चार्जिंगला लावलेल्या दुचाकीला आग लागून वडील आणि मुलगी मृत्युमुखी पडले. एप्रिलमध्ये निजामाबादेत आणि विजयवाड्यात घरात चार्ज होणाऱ्या सुट्या बॅटऱ्यांनी बळी घेतले. सप्टेंबरमध्ये सिकंदराबादेत विजेच्या दुचाकींच्या विक्रीकेंद्राला लागलेल्या आगीत वरच्या मजल्यांवरील हॉटेलात उतरलेली आठ माणसे गेली. नितीन गडकरी यांनी कंपन्यांना सज्जड इशारा दिला, तज्ज्ञ समिती बसली आणि 'एआयएस-१५६' या मानकात सुधारणा होऊन नवे निकष १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. सेलची सुरक्षितता, बीएमएस, चार्जर, एका सेलची आग शेजारच्या सेलला लागू नये अशी बांधणी, असे सारे त्यात आले. काम चांगले झाले यात शंका नाही. पण ज्या आगींनी सरकारला जाग आणली त्या घरी बॅटरी जोडणाऱ्यांनी लावलेल्या नव्हत्या. त्यात कारखान्यातून आलेला, अधिकृत दुकानात विकलेला माल होता. घरगुती बॅटरीकडे केवळ संशयाने पाहणाऱ्यांनी हे विसरू नये.

याचा अर्थ घरगुती बॅटरी निर्धोक आहे असा अजिबात नाही. ४८ व्होल्टची सायकल-बॅटरी म्हणजे सामान्यतः तेरा सेलची एक रांग आणि अशा चार-पाच रांगांची जोडणी. बावन्न किंवा पासष्ट सेल, म्हणजेच दप्तराएवढ्या पुडक्यात सुमारे अर्धा युनिट वीज. ही वीज घरातल्या पंख्याला पुरवली तर कित्येक तास पुरेल. एका मिनिटात बाहेर पडली तर खोली पेटवील. हाताशी वेल्डिंगचे साधे यंत्र नसल्याने नवशिका सेलला थेट सोल्डर करतो आणि त्या उष्णतेने आतल्या पातळ पडद्याला इजा पोहोचते. निकेल म्हणून विकली गेलेली पट्टी मुलामा दिलेले पोलाद निघते, तिचा विद्युतरोध जास्त असतो, ती तापते. शिशाच्या बॅटरीचा चार्जर लिथियमला लावणे हा तर आणखी घातक प्रकार. तेरा सेलच्या बॅटरीला ५४.६ व्होल्टवर थांबायचे असते. शिशासाठी बनवलेला ४८ व्होल्टचा चार्जर त्यापुढे आणखी चार-पाच व्होल्ट चढतो. मधे चांगली बीएमएस असली तर ती वाट अडवते. दीडशे रुपयांची असली तर अडवीलच याची हमी नाही.

तरीही या चुका शिकून टाळता येण्यासारख्या आहेत. न टाळता येणारा धोका सेलच्या पूर्वायुष्यात असतो. टाकून दिलेल्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत फोडल्या जातात, त्यांतले सेल वेगळे होतात, वरचे प्लास्टिकचे आवरण बदलले जाते आणि तोच सेल नव्या रंगात बाजारात परततो. महिनोन्‌महिने अडगळीत पडून ज्याचा दाब दोन व्होल्टच्याही खाली गेला, त्याच्या आतला तांब्याचा पत्रा विरघळू लागलेला असतो. पुन्हा चार्ज केल्यावर ते तांबे नको तेथे साचते आणि आतल्या आत दोन ध्रुव जोडले जातात. असा सेल मल्टिमीटरवर चार व्होल्ट दाखवतो. तो काही दिवस बरा चालतो. एखाद्या रात्री चालत नाही. घरी बॅटरी जोडणारा कितीही काळजीपूर्वक काम करो, सेल कोठून आला हे त्याला ठाऊक नसेल तर त्याची सारी कुशलता व्यर्थ आहे.

यावर कायदा काय म्हणतो? बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ मध्ये आले. जुन्या बॅटऱ्यांचे नूतनीकरण करणाऱ्याने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी, असे त्यांत आहे. कागदावर हे पुरेसे. बोळातल्या टेबलावर पोहोचायला मात्र नियमाला पाय नाहीत. वाहनांबाबत केंद्रीय मोटार वाहन नियमांनी अडीचशे वॉटपेक्षा कमी शक्तीच्या, ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या आणि बॅटरी वगळून साठ किलोपेक्षा जास्त वजन नसलेल्या वाहनाला 'मोटार वाहन' या व्याख्येतूनच सूट दिली आहे. पण ही सूटही चाचणी संस्थेच्या शिक्क्यावर अवलंबून आहे आणि ती व्यवस्था कारखानदाराला समोर ठेवून रचलेली आहे : एक नमुना घेऊन पुण्याच्या एआरएआयकडे किंवा मानेसरच्या आयकॅटकडे जावे, शुल्क भरावे, हजारो नग बनवावेत. आयुष्यात एकच सायकल जोडणारा माणूस या रचनेत बसतच नाही. परिणामी तो बेकायदा आहे की कायद्याला अदृश्य, हेही त्याला कोणी सांगू शकत नाही.

विशेष म्हणजे हेच राज्य शाळेत या माणसाला घडवत असते. अटल टिंकरिंग प्रयोगशाळा दहा हजारांहून अधिक शाळांत उभ्या राहिल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांत आणखी ५० हजार प्रयोगशाळांची घोषणा केली. मायक्रोकंट्रोलर हाताळणारा, मोटर फिरवणारा विद्यार्थी तेथे कौतुकाचा विषय असतो. तोच शाळा सोडून घरच्या खोलीत मोठी बॅटरी बांधू लागला की त्याला मार्गदर्शन नाही, चाचणीची सोय नाही आणि सुरक्षित सेल कोठे मिळेल याचा पत्ताही नाही.

हौशी माणसाला कसे वागवावे याचा धडा दिल्लीला परक्याकडून घ्यायला नको. बिनतारी यंत्र हे बॅटरीपेक्षा अधिक संवेदनशील समजले जाई. त्याला राष्ट्रीय सुरक्षेचा पदर होता. तरीही १९७८ च्या नियमांनी हौशी बिनतारी सेवेची चौकट घालून दिली. परीक्षा द्या, परवाना घ्या, ठरलेल्या मर्यादेत स्वतःचे यंत्र स्वतः बनवा. 'व्हीयू २ आरजी' हा संकेत घेऊन रात्री-अपरात्री जगाशी बोलणारा एक परवानाधारक पुढे या देशाचा पंतप्रधान झाला. राजीव गांधींच्या तंत्रप्रेमावर टीकाकारांनी काय काय म्हटले ते सर्वश्रुत आहे, पण हौशी बिनतारीमुळे देश असुरक्षित झाल्याचा आरोप त्यांनीही केला नाही.

न्यूयॉर्कने वेगळा मार्ग धरला. तेथे २०२३ या एका वर्षात लिथियम बॅटरीच्या आगींत १८ जण दगावले, त्यांत घरोघरी जेवण पोहोचवणाऱ्यांच्या सायकलींचा भाग मोठा होता. शहराने त्याच वर्षी कायदे करून प्रमाणित नसलेल्या ई-सायकलींच्या विक्रीला बंदी केली आणि वापरलेल्या सेलमधून वाहनांच्या बॅटऱ्या बनवून विकण्यासही मज्जाव केला. यातला दुसरा भाग भारताने जसाच्या तसा घ्यावा. वापरलेला सेल दिव्याला चालेल, इन्व्हर्टरलाही एखादे वेळी चालेल, पण धावत्या वाहनाखाली आणि झोपलेल्या कुटुंबाशेजारी चार्ज होणाऱ्या विक्रीच्या बॅटरीत तो नको. पहिला भाग मात्र येथे उतरवण्यापूर्वी दहादा विचार करावा लागेल. प्रमाणित बॅटरीचीच सक्ती झाली तर ई-रिक्षावाला ती विकत घेणार नाही. तो आज घेतो तेथूनच, फक्त मागच्या दाराने घेईल. ई-रिक्षांचा अनुभव ताजा आहे. जुलै २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना मनाई केली आणि पुढच्याच वर्षी मोटार वाहन कायदा दुरुस्त करून त्यांना कायद्याच्या कक्षेत घ्यावे लागले.

स्वतःसाठी बांधलेली बॅटरी आणि विक्रीसाठी बांधलेली बॅटरी यांत कायद्याने भेद केला, तर पुढचे काम तितकेसे अवघड नाही. विकणाऱ्याला परवाना हवा, दायित्व हवे. आयात होणाऱ्या प्रत्येक खेपेतील सेलची निर्मितीतारीख आणि दर्जा ग्राहकाला तपासता येईल अशी नोंद हवी. आयातदार मोजके आहेत, बोळातले विक्रेते अगणित, म्हणून पकडायचेच असेल तर बंदरावर पकडावे. आणि देशभर पसरलेल्या आयटीआयमध्ये, निदान जिल्ह्यागणिक एका ठिकाणी, नाममात्र शुल्कात बॅटरीची क्षमता, अंतर्गत रोध आणि बीएमएस तपासून देणारे एक टेबल हवे. ही साधने लाखांची नाहीत. १८,१०० कोटींच्या योजनेत अशा टेबलांसाठी एक शीर्षक नाही, आणि कौशल्य विकास मंत्रालय, रस्ते वाहतूक मंत्रालय, पर्यावरण मंत्रालय व ग्राहक व्यवहार विभाग यांपैकी ते कोणाच्या अखत्यारीत येते, हे अद्याप कोणीही ठरवलेले नाही.