तालुक्यात उद्योग किती? प्रत्येक कार्यालयाचा आकडा वेगळा, गावचा धंदा मात्र बहुतेक याद्यांच्या बाहेर

निवडणूक आली की भाषणात आकडा येतो, ‘तालुक्यात इतके हजार उद्योग उभे राहिले.’ विरोधक लगेच म्हणतात, ‘एमआयडीसीतले शेड तर रिकामे पडलेत.’ गंमत अशी की दोघंही खोटं बोलत नसतील. ‘उद्योग’ हा शब्द एकच, पण मोजणारी कार्यालयं वेगळी आणि प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी.

हा फक्त भाषणाचा विषय नाही. आयटीआयमध्ये कोणता ट्रेड हवा, वीज उपकेंद्र कुठे हवं, हे ठरवताना आकडा लागतो. डाळमिल टाकायला निघालेल्या पोरालाही प्रकल्प अहवालात लिहावं लागतं, की परिसरात असे धंदे किती आणि त्यांची उलाढाल काय.

उलाढालीची मोजपट्टी

सर्वात जास्त सांगितला जातो तो ‘उद्यम’ नोंदणीचा आकडा. ही नोंदणी 1 जुलै 2020 पासून सुरू आहे. 1 एप्रिल 2025 पासून तिच्या मर्यादा वाढल्या. यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि 10 कोटींपर्यंत उलाढाल म्हणजे सूक्ष्म उद्योग. 25 कोटी आणि 100 कोटींपर्यंत लघु, तर 125 कोटी आणि 500 कोटींपर्यंत मध्यम.

यात कामगार किती, यावर उद्योगाचा आकार ठरतच नाही. त्यामुळे एकट्या माणसाची पिठाची गिरणी ‘सूक्ष्म’ आणि नऊ कोटींची उलाढाल करणारा, मर्यादेत गुंतवणूक असलेला कारखानाही ‘सूक्ष्म’च. कामगारांची संख्या मालक स्वतः भरतो. धंदा बंद पडला तरी मालकाने रद्द करेपर्यंत नोंदणी राहू शकते. म्हणजे हा आकडा नोंदण्यांचा आहे, चालू शटरचा नाही.

कामगारांची मोजपट्टी

विजेवर चालणाऱ्या ठिकाणी 20 कामगार असतील तर महाराष्ट्रात तो कारखाना धरला जातो. भविष्य निर्वाह निधीसाठी साधारण 20 आणि ईएसआयसाठी 10 कामगार लागतात. राज्याच्या 2017 च्या दुकाने कायद्याने 10 पेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी फक्त माहिती कळवायला सांगितलं. मालाच्या व्यापारात वर्षाला 40 लाखांच्या आत उलाढाल असेल, तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीही सक्तीची नाही.

आता आपल्या फाट्यावरचं गॅरेज बघा. मालक आणि दोन पोरं. या सगळ्या चाळण्यांतून ते खाली पडतं. आणि देशात बहुसंख्य धंदे असेच आहेत. केंद्राच्या 2023-24 च्या असंघटित उद्योग सर्वेक्षणानुसार शेती आणि बांधकाम सोडून असे 7.34 कोटी धंदे होते, त्यात 12.06 कोटी माणसं. म्हणजे एका धंद्यात सरासरी दोन माणसंही नाहीत. पण हा नमुना सर्वेक्षणाचा अंदाज आहे. देशाचं आणि राज्याचं चित्र त्यातून कळतं, तालुक्याचं नाही.

दारोदार जाऊन मोजणारी गणना एकच, आर्थिक गणना. पहिली 1977 मध्ये झाली. सहावी 2013-14 ची, तिच्यात 5.85 कोटी आस्थापना आणि 13.13 कोटी माणसं मोजली गेली. सातवीचं काम 2019 मध्ये सुरू झालं, पण तिचे देशपातळीवरचे निष्कर्ष जाहीर झाले नाहीत. म्हणजे गावपातळीचा हिशेब नोटाबंदी, जीएसटी आणि कोरोनाच्या आधीचा आहे. आणि 5.85 वरून 7.34 कोटी झाले, अशी वाढही काढू नये. दोन्हींत काय धरायचं याचे नियम वेगळे आहेत.

मग आकडा मिळवायचा कसा?

- जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ बघा. आकडा कोणत्या सालचा, ते आधी वाचा.
- जिल्हा उद्योग केंद्रात उद्यम नोंदणीची माहिती विचारा. मिळाली नाही तर 10 रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करा. उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जात तालुका, उद्योगाचा वर्ग आणि नोंदणीचं वर्ष स्पष्ट लिहा.
- ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये मिळकतींची कर आकारणी असते. त्यातल्या व्यापारी मिळकतींपासून गावाची मोजणी सुरू करता येते. घरातून चालणारे धंदे मात्र विचारूनच नोंदवावे लागतील.

ग्रामसभेने ठराव केला, तर छोट्या गावात हे काम दोन-चार दिवसांचं आहे. धंदा कोणता, चालू की बंद, घरची धरून माणसं किती, वर्षाची उलाढाल किती, एवढंच लिहायचं. उलाढाल कुणी नेमकी सांगणार नाही. म्हणून पाच लाखांच्या आत, पाच ते 20 लाख, त्याहून जास्त, असे टप्पे ठेवा. शिलाई मशीन चालवणाऱ्या ताईंचं आणि पापड-मसाला करणाऱ्या बचत गटाचं नावही घ्या, कारण सगळ्यात आधी तेच सुटतं.

आणि पुढच्या सभेत कुणी आकडा सांगितला, तर तीन प्रश्न विचारा. हा कोणत्या कार्यालयाचा? कोणत्या सालचा? आणि यातले आज चालू किती?