सोबत उभ्या राहणाऱ्या शिक्षकांचाही सत्कार व्हावा

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्या विहारात गुणवंतांचा सत्कार होतो. शाल, पुष्पगुच्छ, बाबासाहेबांचे पुस्तक. हे झालेच पाहिजे. पण त्या व्यासपीठावर कधीच न बोलावलेली एक शिक्षिका आम्हाला दरवर्षी आठवते.

आम्ही नर्स होतो तेव्हाची गोष्ट. उत्तर नागपुरातल्या वस्तीतली एक माय नववीतल्या मुलाला घेऊन ओपीडीत आली. लघवीला जळजळ, ताप. तीन महिन्यांत तिसऱ्यांदा. खोदून विचारले तेव्हा कळले, पोरगा सकाळपासून पाणीच पीत नव्हता. शाळेच्या मुतारीत मुले त्याच्या चालण्या-बोलण्यावरून 'छक्का' म्हणत, पँट ओढत. म्हणून तो शाळा सुटेपर्यंत लघवी दाबून ठेवायचा. आम्ही गोळ्या देत होतो आणि दुखणे शाळेतून पुन्हा येत होते.

ते थांबवले त्याच्या विज्ञानाच्या मॅडमनी. स्टाफच्या बाथरूमची चावी त्यांनी त्याला देऊ केली, आणि चिडवणाऱ्या मुलांना मारझोड न करता बसवून समजावले. वर्गातल्या दोन मुली आणि एक मुलगा त्याच्यासोबत डबा खाऊ लागले. 'मॅडम भलतेच लाड करते' असे स्टाफरूममध्ये लोक बोलले, ते त्यांनी ऐकून घेतले. पोरगा पाणी पिऊ लागला, जळजळ थांबली. मुख्य म्हणजे त्याची शाळा सुटली नाही.

मायबहिणींनो, मुलाचे चालणे बायकी असले म्हणजे तो समलिंगी किंवा तृतीयपंथी असतोच असे नाही. पण असला, तरी तो आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. 'बरे करून देतो' म्हणत असा उपचार करणे हे डॉक्टरचे गैरवर्तन आहे, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ठरवले. म्हणून बाबा-मांत्रिकाकडे नेऊ नका. लग्न लावल्याने 'सुधारेल' ही समजूतही सोडा. त्यात दुसऱ्या घरच्या लेकीचेही आयुष्य वाया जाते.

हा विषय आपला नाही म्हणणाऱ्यांना १९३४ सालची आठवण द्यावीशी वाटते. 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. कर्वे गणिताचे प्राध्यापक; संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांची प्राध्यापकी आधीच गेली होती. त्यांचे वकीलपत्र घेतले बाबासाहेबांनी. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लाजेच्या विषयावर शास्त्राने बोलणाऱ्या शिक्षकाच्या बाजूने कोण उभे राहिले, हे आपण विसरू नये.

काही कार्यकर्ते म्हणतात, 'वस्तीत बेकारी आहे, दारू आहे, हे कुठे काढता?' आमचे उत्तर साधे आहे. आपल्या पोराला जातीवरून एक टोमणा बसतो आणि वागण्यावरून दुसरा. दोन्ही मिळून तो शाळा सोडतो. मग त्याच्यासाठी 'शिका' या शब्दाला काय अर्थ उरला? आपल्याच नागपुरात २०१८ मध्ये विद्या कांबळे या तृतीयपंथी कार्यकर्त्या लोकअदालतीच्या पॅनेलवर बसल्या. शाळेत टिकू दिले तर असे कितीतरी जण पुढे येतील.

कायदाही सोबत आहे. यूजीसीच्या २०१६ च्या दुरुस्तीनुसार लैंगिक कलावरून किंवा तृतीयपंथी म्हणून कॉलेजात छळणे हे रॅगिंग आहे. २०१९ च्या कायद्याप्रमाणे मान्यताप्राप्त शाळांना तृतीयपंथी विद्यार्थ्यांशी भेदभाव करता येत नाही. पण मुतारीच्या दारात कायदा उभा नसतो. तिथे एखादे मास्तर, एखादी मैत्रीण उभी असावी लागते.

म्हणून आमची सूचना आहे. येत्या ३ जानेवारीला, सावित्रीमाईंच्या जयंतीला, प्रत्येक विहाराने अशा एका शिक्षकाचा आणि एका तरुण मुला-मुलीचा सत्कार करावा. सावित्रीमाईंनी शेण-माती झेलून शाळा चालवली. टोमणे झेलून पोराला शाळेत टिकवणारे शिक्षक त्यांच्याच वाटेवरचे आहेत.

एक पथ्य मात्र कडक पाळा. ज्या मुलासाठी ते उभे राहिले त्याचे नाव, वर्ग, वस्ती काहीही माईकवर सांगायचे नाही. स्वतःबद्दल कधी आणि कोणाला सांगायचे, हे त्याचे त्याने ठरवावे. 'या मॅडमच्या वर्गात कोणालाही चिडवले जात नाही' एवढे वाक्य सत्काराला पुरेसे आहे. ते ऐकून मागे बसलेल्या एखाद्या पोराला कळेल, आपण कोणाकडे जाऊन बोलावे.

आणि घरी लेकरू गप्प झाले असेल, जेवत नसेल, जगण्याला कंटाळल्यासारखे बोलत असेल, तर रागावू नका. जवळ बसा. १४४१६ या टेली-मानसच्या मोफत नंबरवर मराठीत बोलता येते. लहान मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही नंबर विहाराच्या फलकावर आजच लिहून ठेवा.

जयभीम!