दहावीचे घर

दहावीचे घर गावात दुरूनच ओळखू येते. गेल्या आठवड्यात आमच्या धर्मग्रामातील एका वाडीवर कुटुंबभेटीस गेलो होतो. एका घराच्या पडवीत पाऊल टाकले आणि क्षणभर वाटले की, आत कोणी आजारी असावे. दूरदर्शन संचावर चादर पांघरलेली होती. आजीबाई कुजबुजत बोलत होत्या. धाकटा मुलगा मोठ्याने हसला म्हणून नुकताच पाठीत धपाटा खाऊन कोपऱ्यात उभा होता. 'काय झाले? कोणाला बरे नाही का?' मी विचारले. 'नाही फादर, सगळी बरी आहेत,' घरची बाई हळूच म्हणाली, 'थोरलीची दहावी आहे.'

घरचा कर्ता पुरुष गोव्यात गवंडीकाम करतो आणि पंधरा दिवसांतून एकदा घरी येतो. त्या दिवशी तो आलेला होता. चहा पुढे ठेवून तो म्हणाला, 'फादर, तुम्ही हिला चार शब्द सांगा. आमचे आयुष्य सिमेंटात गेले. हिच्या शिकवणीसाठी मी सोसायटीचे कर्ज उचलले आहे. आता हिने तेवढे फेडून दाखवावे, एवढेच मागणे.' हे सर्व मुलीच्या देखत. ती आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. मी तिच्याकडे बराच वेळ पाहत होतो. पुस्तकाचे पान काही उलटले नाही.

निघताना ती बॅटरी घेऊन मला रस्त्यापर्यंत पोहोचवायला आली. वाटेत तिने दोन गोष्टी विचारल्या. पहिली ही: 'फादर, रात्री वाचलेले सकाळी उठले की जाते. माझे डोके कमी आहे का?' आणि दुसरी: 'आजीने नवस केला आहे. मला ऐंशीच्या वर टक्के पडले तर ती जुन्या गोव्याच्या फेस्ताला अनवाणी चालत जाणार. तिचे गुडघे सुजतात, फादर. आणि ऐंशी पडले नाहीत तर बाबा...' वाक्य तिने पुरे केले नाही. बॅटरीचा उजेड जमिनीवर धरून ती उभी राहिली.

मायबापहो, या आठवड्यासाठी मी वेगळ्याच विषयाची टिपणे काढून ठेवली होती. ती बाजूला सारली आहेत. ते अपुरे वाक्य मला स्वस्थ बसू देईना.

प्रथम तिच्या पहिल्या प्रश्नाचे पाहू, कारण तो सोपा आहे. तिचे डोके मुळीच कमी नाही. ती एकच पान दहादा वाचते, त्यामुळे ते तिला ओळखीचे वाटू लागते, आणि ओळख म्हणजेच पाठांतर असा तिचा समज होतो. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिकी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला; काहींनी वाचून झाल्यावर पुस्तक मिटले आणि आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा वाचणारे पुढे होते. पण आठवड्यानंतर पाहिले तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे निघाले. परीक्षा काही पाच मिनिटांनी होत नसते.

ही गोष्ट मी मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण यात अडाणी समजल्या गेलेल्या आईचे फार मोठे काम आहे. आमच्या कित्येक माता म्हणतात, 'आम्ही चौथी शिकलेल्या, आम्ही काय शिकवणार?' बाई, तुम्हाला शिकवायचे नाही, ऐकायचे आहे. भाकरी थापता थापता म्हणा, 'बाळ, पुस्तक मीट आणि आज काय वाचलेस ते मला सांग.' ती अडखळेल तेथे तिचे तिलाच कळेल की, येथे पुन्हा पाहावयास हवे. तुम्हाला त्यातले काही कळले नाही तरी चालेल. किंबहुना न कळलेलेच बरे, कारण मग ती अधिक उलगडून सांगेल. आणि यात मराठीचा विषय विसरू नका. 'मराठी काय, आपलीच भाषा' असे म्हणून मराठी माध्यमातील मुले ती शेवटच्या रात्रीवर टाकतात आणि सारा जीव कन्नड, इंग्रजी व गणितात गुंतवतात. पण कर्नाटकाच्या दहावीत गणित आणि विज्ञान शंभर गुणांचे असता प्रथम भाषेला १२५ गुण आहेत. निबंध आणि पत्रलेखन ऐकण्यास आजीइतका चांगला श्रोता सापडणार नाही.

दुसरी गोष्ट झोपेची. पहाटे चार वाजता पाठ केलेले पक्के होते, असे आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आले. त्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. पहाट शांत असते खरी. परंतु पहाटे चारला उठणारा पूर्वीचा मुलगा रात्री आठला झोपत असे, हे आपण सांगायला विसरतो. आता मूल अकरापर्यंत जागे आणि पुन्हा चारला हाक, असे चालते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तासांची झोप हवी, असे अमेरिकेतील निद्राविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली सांगितले. दिवसा वाचलेले मेंदूत नीट बसते तेही झोपेतच. झोप मोडून केलेला अभ्यास म्हणजे भोक पडलेल्या घागरीने पाणी भरणे होय. आपल्या वेळा तुम्ही ठरवा, पण तास मोजा.

मोबाईलविषयी फार लिहीत नाही. रात्री तो मुलाच्या उशाशी नसावा, एवढे पुरे. मात्र बापाने स्वतः खाटेवर लोळत मोबाईल पाहावा आणि मुलास 'ठेव तो मोबाईल' म्हणून ओरडावे, याचा परिणाम काय होतो हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. रात्री नवानंतर घरातील सगळेच मोबाईल आजीच्या पेटीत पडले तर कोणाचे काय बिघडेल?

उपवासकाळाबद्दल काही मातांनी विचारले आहे, म्हणून तेही सांगतो. दहावीची परीक्षा बहुधा याच दिवसांत येते. २०२४ साली तर ती २५ मार्चला, म्हणजे पवित्र आठवड्याच्या सोमवारीच सुरू झाली आणि मधल्या रविवारी, ३१ मार्चला, ईस्टर आला. ख्रिस्तसभेच्या नियमाप्रमाणे मांसाहार वर्ज्य करण्याचे बंधन चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर लागते; परंतु उपवासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने उपाशी पोटी पेपर लिहावा, असे ख्रिस्तसभा सांगत नाही आणि मीही सांगत नाही. त्याला पेज द्या, भाकरी द्या, एखादे केळे द्या. ईस्टरच्या जागरणविधीला यायचे की झोपायचे, असे एका मुलीने त्या वर्षी मला विचारले होते. मी तिला झोपायला सांगितले आणि सकाळच्या मिस्साला ती पहिल्या बाकावर होती.

आता नवसाकडे वळतो. आजीबाईंच्या भक्तीवर बोट ठेवण्याचा माझा हेतू नाही. खानापूर आणि बेळगावकडून दरवर्षी माणसे चालत जुन्या गोव्याला जातात, त्यांच्याबरोबर मीही तरुणपणी चाललो आहे. पण नवस मुलाच्या कानावर घातला की तो त्याच्या डोक्यावर आणखी एक कर्ज होऊन बसतो. त्या मुलीची अडचण तर पाहा: गुण कमी पडले तर बाबांची भीती, आणि जास्त पडले तर आजीच्या गुडघ्यांची! मी दुसऱ्या दिवशी आजीबाईंना गाठले आणि म्हटले, 'आजी, टक्क्यांची अट काढून टाका. काय मागायचे ते नातीसाठी मागा, निकालासाठी नको. आणि चालायचेच असेल तर बसस्थानकापर्यंत चाला.' त्या हसल्या, पण विचारात पडल्या.

खरा अवघड भाग बापाचा होता. आपण मुलासाठी जे सोसतो ते त्याला सांगावे, म्हणजे त्याला जाणीव होईल, असे बहुतेक पालकांना वाटते. जाणीव होतेच, मुले आंधळी नसतात. बापाच्या हाताला पडलेल्या भेगा ती मुलगी रोज पाहते. परंतु 'आता फेडून दाखव' हे शब्द जोडले की प्रेमाचे देणे व्याजी लागते. मग पुस्तकातील प्रत्येक ओळीवर कर्जाचा आकडा दिसू लागतो आणि पान उलटत नाही. आपण समजतो की, मूल आळशी आहे. ते आळशी नसून भ्यालेले असते, आणि भ्यालेल्या मनात काही राहत नाही.

माझी स्वतःची दहावी होऊन तीस वर्षे होत आली. माझ्या वडिलांना प्रश्नपत्रिकेतील एक ओळ वाचता येत नव्हती. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी माझ्या सायकलला तेल घातले, हवा भरली आणि घंटी वाजवून पाहिली. दुसरे काहीही केले नाही. गणिताचा पेपर मी पार बिघडवून आलो. दारात पाऊल टाकताच त्यांनी माझ्या तोंडाकडे एकदा पाहिले आणि विचारले, 'भूक लागली का?' पेपर कसा गेला, हे त्यांनी विचारले नाही. मी जेवलो, झोपलो, संध्याकाळी गोठ्यात त्यांच्याजवळ जाऊन आपणहून सारे सांगितले. ते म्हणाले, 'बरं. उद्या कोणता आहे?' गणितात मी काठावर तरलो. (धर्मगुरूला गणित कशाला लागते, असे कोणी म्हणेल. त्याने मार्चअखेर धर्मग्रामाचा जमाखर्च मांडायला यावे.) पण पुढचा पेपर मी निर्धास्तपणे लिहिला तो त्या एका प्रश्नामुळे, हे मला आज कळते. पुष्कळ घरांत पेपर देऊन आलेल्या मुलाला दारातच उभे करून एकेका प्रश्नाची झडती घेतात. गेलेला पेपर त्याने सुधारत नाही. येणारा मात्र बिघडतो.

नातेवाइकांचेही थोडे बोलले पाहिजे. 'किती टक्के पडतील?' आणि 'आमच्या अमक्याला ब्याण्णव पडले होते' ही दोन वाक्ये आत्या, मामा आणि शेजारी यांनी एप्रिलपर्यंत गिळून टाकावी. ती येणारच असतील, तर आईने चहा लवकर द्यावा आणि पाहुण्यांना लवकर वाटेला लावावे. एरवी मी असे सांगणार नाही.

आणि निकाल वाईट लागला तर? याचे उत्तर निकालाच्या दिवशी सुचत नाही. ते आज देऊन ठेवावे लागते. व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर दार बंद होत नाही. कर्नाटकात २०२४ साली एकाच वर्षात एकामागून एक तीन परीक्षा घेण्यात आल्या आणि त्यांतील उत्तम गुण ग्राह्य धरले गेले. पहिल्या परीक्षेत अडलेल्याचे वर्ष त्यामुळे वाया गेले नाही. तुमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना यंदाच्या तारखा विचारून ठेवा आणि मुलाला आत्ताच सांगा. पण त्याहून आधी दुसरे एक सांगावे लागते, आणि ते मुख्याध्यापक सांगू शकत नाहीत.

निकालाच्या दिवशी काही घरांत जे घडते त्याबद्दल मला लिहावेसे वाटत नाही, पण लिहिले पाहिजे. दोन आकड्यांसाठी जीव देणारी मुले ही केवळ वर्तमानपत्रातील बातमी नव्हे. त्यांच्या मातांना मी भेटलो आहे. एखादे मूल जेवत नसेल, रात्र रात्र जागत असेल, कोणाशी बोलत नसेल, किंवा 'मी नसते तर बरे झाले असते' असे सहज जरी म्हणाले, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटे सोडू नका, जवळ बसा, काय वाटते ते सरळ विचारा आणि डॉक्टरांकडे न्या. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेली टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस व विनामूल्य मिळते. माझ्या दाराची कडीही कोणत्याही वेळी वाजवा.

त्या गवंड्याला मी पुढच्या रविवारी मिस्सा संपल्यावर गाठले. त्याच्या मुलीचे अपुरे वाक्य मी त्याच्यापुढे ठेवले, तसेच, अपुरे. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, 'फादर, मी बोलणार नाही असे तिला वाटते का?' मी म्हटले, 'ते मला ठाऊक नाही. तिला विचार.' त्या दिवशी त्याची गोव्याची बस दुपारची होती. तो संध्याकाळच्या बसने गेला, एवढे मला नंतर कळले. घरात काय बोलणे झाले ते मी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही.

काल पुन्हा त्याच वाटेने येत होतो. दूरदर्शन संचावरची चादर निघाली होती. संच मात्र बंदच होता. पडवीत मुलगी पुस्तक मिटून आजीला निबंध सांगत होती आणि आजीबाई भिंतीला टेकून गाढ झोपल्या होत्या. 'आजी, ऐकतेस ना?' तिने विचारले. आजी डोळे न उघडता म्हणाली, 'ऐकते गं. पावसाळ्यापर्यंत आलीस.' मुलगी हसली आणि पुढे सांगू लागली. मी गाडी थांबवली नाही.