कोरिया म्हणजे फक्त किमची मिसाईल नाही, आणि त्या भांडणात एक कोल्हापूरचा माणूसही होता

किम जोंग उनची बातमी आली की आपल्याकडं तिचं काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. थंबनेलवर त्याचा हसरा चेहरा, मागं आगीचा लोळ, वर 'जगात खळबळ'. खाली कमेंटमध्ये त्याच्या हेअरकटवर जोक. दुसरीकडं कवठे महांकाळसारख्या तालुक्याच्या गावातही कॉलेजच्या पोरापोरींना बीटीएसची गाणी पाठ असतात. म्हणजे उत्तर कोरिया कॉमेडी आणि दक्षिण कोरिया रोमान्स, अशी वाटणी करून आपण मोकळे झालोय.

या वाटणीत एक गोष्ट कायम सुटते. दक्षिण कोरियात उत्तरेची भीती हा नुसता सीमेवरचा विषय नाही. ती भीती तिथं खुर्ची वाचवायलाही वापरली जाते.

त्या रात्री काय झालं?

३ डिसेंबर २०२४. सोलमध्ये रात्रीचे साडेदहा होत आले होते, आपल्याकडं संध्याकाळचे सात. राष्ट्राध्यक्ष युन सुक-योल टीव्हीवर आले आणि मार्शल लॉ जाहीर करून टाकला. कारण काय दिलं? उत्तर कोरियाच्या कम्युनिस्टांचा धोका आणि देशातल्या 'राज्यविरोधी शक्ती'.

आता गंमत बघा. त्या दिवशी उत्तरेकडून कुठलाही हल्ला झाला नव्हता. झालं होतं ते एवढंच, की एप्रिल २०२४ च्या निवडणुकीत युन यांच्या पक्षाला ३०० पैकी १०८ जागा मिळाल्या होत्या. विरोधक बजेट कापत होते, अधिकाऱ्यांवर महाभियोग आणत होते आणि युन यांच्या पत्नीच्या चौकशीची मागणी लावून धरत होते. धोका होता, पण तो संसदेतल्या आकड्यांचा.

मार्शल लॉच्या पहिल्याच फर्मानात राजकीय हालचालींवर आणि सभांवर बंदी आली. सगळी प्रसारमाध्यमं लष्करी कमांडच्या ताब्यात जातील, असंही त्यात होतं. हेलिकॉप्टरनं सैनिक संसदेच्या आवारात उतरले. विरोधी पक्षनेते ली जे-म्युंग कुंपणावरून उडी मारून आत शिरले आणि ते सगळं त्यांनी स्वतः यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. रात्री एकच्या सुमारास १९० खासदार सभागृहात होते आणि १९० मतांनी मार्शल लॉ फेटाळला गेला. त्यात युन यांच्याच पक्षाचे १८ जण होते. पहाटे साडेचारपर्यंत सगळा खेळ आटोपला.

आपल्या मराठी चॅनेलवर तेव्हा काय चाललं होतं? मुख्यमंत्री कोण होणार. विधानसभेचा निकाल लागून दहा दिवस झाले होते आणि शपथविधी दोन दिवसांवर होता. तेव्हा कोरियाला खालच्या पट्टीत जागा मिळाली असेल तरी खूप. यात चॅनेलवाल्यांना फार नावं ठेवत नाही, प्रेक्षकही तेच मागत होता. पण एका श्रीमंत, मजबूत लोकशाहीत राष्ट्राध्यक्ष टीव्हीवर येऊन मीडियाच बंद करू बघतो, ही बातमी मीडियानंच हुकवावी, याला काय म्हणायचं?

अजून एक धागा सोशल मीडियावाल्यांनी नीट बघावा असा आहे. त्या रात्री सैनिक फक्त संसदेत गेले नाहीत, निवडणूक आयोगाच्या कार्यालयातही घुसले. निवडणुकीत घोटाळा झाला, ही थिअरी तिथल्या कट्टर उजव्या यूट्यूब चॅनेलवर बरीच वर्षं फिरत होती. युन यांनी पुढं आयोगाच्या यंत्रणेवर जाहीर संशय घेतला तो त्याच सुरात. आपल्याकडं व्हॉट्सॲपवर फिरणारं ज्ञान जास्तीत जास्त घरात भांडण लावतं. तिथं ते थेट सैन्याच्या आदेशापर्यंत पोचलं.

१४ डिसेंबरला संसदेनं महाभियोग मंजूर केला आणि ४ एप्रिल २०२५ ला घटनात्मक न्यायालयाच्या आठही न्यायाधीशांनी एकमतानं युन यांना पदावरून काढलं. ३ जूनच्या निवडणुकीत ली जे-म्युंग जिंकले.

ही ट्रिक जुनीच आहे

इथं थोडं मागं जावं लागतंय, कारण आपला माणूस याच भागात येतो.

कोरियन युद्ध १९५० ला सुरू झालं. १९५१ पासून वाटाघाटी चालू होत्या, पण एका मुद्द्यावर गाडी अडली. युद्धकैद्यांना त्यांच्या देशात सक्तीनं परत पाठवायचं, की त्यांना विचारायचं? हजारो चिनी आणि उत्तर कोरियन कैदी परत जायला तयार नव्हते. त्यांनी नकार दिला की अमेरिकेच्या बाजूचा प्रचार जिंकणार, ते परत गेले की कम्युनिस्टांचा. दक्षिण कोरियाचे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांना तर युद्ध थांबवायचंच नव्हतं. जून १९५३ मध्ये त्यांनी कुणालाही न विचारता २५ हजारांहून जास्त कैदी सोडून दिले. तहात खोडा घालायचा, एवढाच हेतू.

तरीही २७ जुलै १९५३ ला युद्धविराम झाला. दक्षिण कोरियानं त्यावर सही केली नाही. शांतता करार तर आजपर्यंत झालेला नाही, म्हणजे कागदावर ते युद्ध अजून संपलेलंच नाही.

उरलेल्या कैद्यांचं काय, हे ठरवायला पाच देशांचा आयोग नेमला. अध्यक्षपद भारताकडं, म्हणजे जनरल थिमय्यांकडं. कैद्यांना सांभाळायला भारताची फौज गेली आणि तिचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वडगावचे. आमच्या सांगलीच्या शेजारचेच म्हणा.

री यांचा भारतावर इतका राग, की त्यांनी भारतीय सैनिकांना दक्षिण कोरियाच्या जमिनीवर पाय ठेवू दिला नाही. आपले जवान जहाजावरून हेलिकॉप्टरनं थेट निर्लष्करी पट्ट्यात नेले गेले. तिथं छावणी उभी राहिली, तिचं नाव हिंदनगर. ताब्यात आले २२,६०४ कैदी एका बाजूचे आणि ३५९ दुसऱ्या बाजूचे. सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांनी ग्रेवाल नावाच्या भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून ओलीस धरलं. थोरात मोजके लोक घेऊन स्वतः आत गेले, कैद्यांशी बोलले आणि ग्रेवालना बाहेर काढलं. गोळीबार न करता. या कामगिरीचा सिनेमा अजून कसा निघाला नाही, हे कोडंच आहे.

कैद्यांतल्या ऐंशीहून जास्त जणांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि ते आपल्या सैन्यासोबत भारतात आले. 'तू कुणाचा, आमचा की त्यांचा?' या प्रश्नाला त्यांनी दिलेलं उत्तर दोन्ही कोरियांत आजही अवघड आहे. दक्षिणेत १९४८ चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा अजून लागू आहे, उत्तरेची स्तुती हा त्यात गुन्हा ठरू शकतो. १९८० मध्ये ग्वांगजूत लोकशाहीसाठी रस्त्यावर उतरलेल्यांना लष्करानं मारलं, तेव्हाही त्यामागं उत्तरेचा हात असल्याचं सांगितलं गेलं. त्याच ग्वांगजूवर कादंबरी लिहिणाऱ्या हान कांग यांना २०२४ चं नोबेल मिळालं. सोहळा १० डिसेंबरला होता आणि आठवडाभर आधी देशात पुन्हा मार्शल लॉ.

युन यांच्या प्रकरणात तर त्याहून पुढचा आरोप आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्याँगयाँगवर ड्रोन दिसले आणि उत्तर कोरियानं बोंब मारली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये विशेष सरकारी वकिलांनी युन यांच्यावर ठपका ठेवला, की मार्शल लॉला निमित्त मिळावं म्हणून उत्तरेला डिवचायलाच ते ड्रोन पाठवले होते. युन हे नाकारतात. पण आरोपाचा अर्थ लक्षात घ्या. शत्रू हल्ला करत नाहीये, म्हणून त्याला करायला लावायचं.

पण मग उत्तरेचा धोका खोटा का?

अजिबात नाही, आणि खरी अडचण तीच आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये उत्तरेनं योनप्योंग बेटावर तोफा डागल्या, चार माणसं मेली. तेव्हा दक्षिणेनं के-९ तोफांनी उत्तर दिलं. हीच तोफ आपल्याकडं के-९ वज्र म्हणून एल अँड टी बनवते. २०१८ मध्ये नाशिकजवळ देवळालीत ती भारतीय सैन्यात दाखल झाली, पुढं लडाखमध्ये गेली. नव्या तोफांसाठी ७,६२८ कोटींचा करार २० डिसेंबर २०२४ ला झाला, म्हणजे मार्शल लॉनंतर १७ दिवसांनी. तळेगावचा जनरल मोटर्सचा बंद पडलेला प्लँट ह्युंदाईनं घेतलाय, तो वेगळाच. सोलमध्ये गोंधळ झाला तर आपल्याला काय, असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

ली यांनी सत्तेवर येताच सीमेवरचे प्रचाराचे भोंगे बंद केले, नंतर काढूनही टाकले. पण बोलायचं कुणाशी? किमनं २०२३ च्या अखेरीस एकीकरणाचं धोरणच सोडून दिलं आणि दक्षिणेला शत्रू देश म्हटलं. जून २०२४ मध्ये पुतीनसोबत संरक्षण करार केला, नंतर आपले सैनिक रशियासाठी लढायला पाठवले. ३ सप्टेंबर २०२५ ला बीजिंगच्या परेडमध्ये तो शी आणि पुतीन यांच्या शेजारी उभा होता. ज्याला धान्य, पैसा आणि तंत्रज्ञान दुसरीकडून मिळतंय, त्याला सोलची गरज कशाला?

दोन्ही कोरियांमध्ये एक हॉटलाइन आहे. सकाळी नऊला आणि संध्याकाळी पाचला फोन लावायचा, अशी पद्धत होती. एप्रिल २०२३ मध्ये उत्तरेनं तो उचलणं बंद केलं.